‘तीनशे दोन लावा’ म्हणण्याआधी

शेताच्या कडेला सोडलेल्या उघड्या तारेला चिकटून माणूस मेला, की आमच्या सीमाभागात दोन तट पडतात. एक तट पोलीस ठाण्यासमोर जमतो, प्रेत ताब्यात घ्यायला नकार देतो आणि ‘तीनशे दोन लावा’ म्हणत ठाण मांडतो. (१ जुलै २०२४ पासून खुनाची शिक्षा जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०२ मधून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ मध्ये गेली आहे, पण लोकांच्या तोंडून ‘तीनशे दोन’ जायला आणखी एक पिढी जावी लागेल.) दुसरा तट देवळाच्या कट्ट्यावर बसून म्हणतो, ‘त्यानं काय मुद्दाम मारलंय? डुकरासाठी वायर सोडली होती. ह्याची वेळ भरली होती, गेला.’ संध्याकाळपर्यंत वाद व्हॉट्सॲपवर जातो, तिथे त्यात जात, पक्ष आणि भाऊबंदकी मिसळते, आणि तेराव्यापर्यंत सगळे दमलेले असतात.

माझं म्हणणं असं, की दोन्ही तट चुकतात आणि एकाच ठिकाणी चुकतात. दोघांनाही वाटतं, कायदा एकच प्रश्न विचारतो: मारायचं होतं का? पहिला तट ओढूनताणून ‘हो’ म्हणतो, दुसरा हात झटकून ‘नाही’ म्हणतो. कायदा मात्र त्यानंतर आणखी एक प्रश्न विचारतो: आपल्या कृत्यानं माणूस मरण्याचा संभव आहे, हे त्याला ठाऊक होतं का? खानापूरच्या भातशेतीपासून चिकोडी-निपाणीच्या उसापर्यंत जे मृत्यू ‘टाळता आले असते’ असं आपण हळहळत म्हणतो, त्यांतले कितीतरी या दुसऱ्या प्रश्नाच्या कक्षेत येतात. तोच प्रश्न ठाण्यासमोर कुणी विचारत नाही आणि कट्ट्यावरही नाही.

माणसाच्या हातून माणूस मेला तर आपल्या कायद्यात ढोबळमानानं तीन पायऱ्या आहेत. सगळ्यात वर खून, कलम १०१. जीव घ्यायचाच होता, किंवा जी जखम करायची होती ती निसर्गक्रमानं जीव जायला पुरेशी होती, किंवा कृत्यच इतकं धोक्याचं की मरण जवळजवळ अटळ. त्याखाली सदोष मनुष्यवध, व्याख्या कलम १०० मध्ये आणि शिक्षा कलम १०५ मध्ये. इथे मारण्याचा हेतू नसला तरी मरण्याचा संभव असल्याची जाणीव पुरते. सगळ्यात खाली कलम १०६, म्हणजे बेदरकारपणा आणि निष्काळजीपणा. जुन्या ३०४-अ मध्ये याला जास्तीत जास्त दोन वर्षं होती, आता पाच झाली. पण फरक फक्त वर्षांचा नाही. निष्काळजीपणाचं कलम जामीनपात्र आहे, वरची दोन्ही अजामीनपात्र आणि सत्र न्यायालयात चालणारी. म्हणजे फौजदारानं पहिल्या दिवशी एफआयआरवर कोणता आकडा टाकला, यावर आरोपी रात्री घरी जेवणार की हिंडलग्याच्या तुरुंगात, हे बरंचसं ठरतं. आकड्यासाठी लोक ठाण्यासमोर बसतात ते उगाच नव्हे. त्यांचा आकडा चुकतो, एवढंच.

मेकॉलेच्या विधी आयोगानं दंड संहितेचा मसुदा १८३७ साली केला, ती मंजूर झाली १८६० मध्ये आणि लागू झाली १ जानेवारी १८६२ पासून. कलमांपेक्षा मला त्यातली उदाहरणं जास्त आवडतात, कारण ती थेट शिवारातली वाटतात. पहिलंच घ्या. एक माणूस खड्ड्यावर काटक्या आणि गवताची ढेकळं पसरतो. कुणाला तरी मारायचं त्याच्या मनात असतं, किंवा कुणीतरी मरण्याचा संभव आहे हे त्याला माहीत असतं. दुसरा माणूस जमीन घट्ट समजून पाय टाकतो, आत पडतो आणि मरतो. हा सदोष मनुष्यवध. नेमकं कोण पडणार, हे खड्डा झाकणाऱ्याला माहीत असण्याची गरज नाही. दुसरं उदाहरण: कोंबडी मारून चोरावी म्हणून एकानं गोळी झाडली, झुडपामागे माणूस होता, तो मेला. गोळी झाडणाऱ्याला तो तिथे असल्याचं ठाऊक नव्हतं. कृत्य बेकायदेशीर आहे, तरीही सदोष मनुष्यवध नाही. तिसरं उदाहरण खुनाच्या कलमाखाली आहे: काही कारण नसताना गर्दीवर भरलेली तोफ डागली आणि एक जण मेला. अमक्यालाच मारायचं असं आधी ठरवलेलं नसलं तरी हा खून. २०२३ साली संहितेचं नाव बदललं, कलमांचे आकडे बदलले. खड्डा, कोंबडी आणि तोफ जागच्या जागी आहेत. तेव्हा प्रत्येक प्रकरणात ठरवायचं ते एवढंच, की ही तार म्हणजे झाकलेला खड्डा, कोंबडीवरची गोळी, की तोफ?

उत्तर तारेच्या जागेवर आणि वेळेवर अवलंबून आहे. आपल्याकडे शेतीच्या पंपांना थ्री-फेज वीज रात्री-अपरात्री येते. ती आली की माणसं अंधारात मोटर चालू करायला निघतात, बांधाबांधानं जातात, पायांत चप्पल असते नसते, दव पडलेलं असतं. हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे, कारण तो स्वतःही असाच जातो. अशा बांधाला लागून कुणी खांबावरच्या लाइनीवर आकडा टाकून तार सोडली, ना फलक लावला, ना शेजाऱ्याला सांगितलं, तर माणूस चिकटण्याचा संभव आहे हे त्याला ठाऊक नव्हतं असं मानायचं तरी कसं? रानडूक मारायला पुरेसा प्रवाह माणसाला नुसता चिमटा काढून सोडेल, असा समज कुणाचाही नाही. विकत मिळणारं सौरकुंपण क्षणभराचा झटका देऊन जनावराला मागे परतवतं. लाइनीवरून थेट घेतलेली तार धरलेल्याला सोडत नाही आणि ती लावतात ती नेमकी त्याच गुणासाठी. उलट हीच तार स्वतःच्या शेतात पार आत, चारी बाजूंनी अंतर राखून, शेजाऱ्यांना बजावून, पहाटे काढून घ्यायच्या बोलीवर लावली असेल आणि तरीही कुणी अनपेक्षितपणे मध्यरात्री तिथवर पोचलं असेल, तर जाणीव सिद्ध करणं अवघड आहे आणि निष्काळजीपणाचं कलमच बरोबर ठरेल. आणि कुणी चोर पकडायला म्हणून किंवा भाऊबंदाची वाट अडवायला म्हणून रुळलेल्या पायवाटेवर तार आडवी टाकली असेल, तर मग तोफेचं उदाहरण फार दूर नाही. एकच तार, तिन्ही पायऱ्यांवर बसू शकते. ‘तारेनं मेला’ या दोन शब्दांवरून कलम ठरवणारे दोन्ही तट तिथेच घसरतात.

इथे एक जाणकार वकील हटकेल, की सर्वोच्च न्यायालयानं चेरुबिन ग्रेगरीच्या खटल्यात अशाच तारेला निष्काळजीपणाचं कलम लावलं होतं. खरं आहे. बिहारमधला तो खटला १९६० च्या दशकातला. शौचालयाच्या वाटेवर परक्यांनी येऊ नये म्हणून घरमालकानं उघडी तांब्याची तार विजेला जोडली आणि शेजारची बाई मेली. ‘ती माझ्या हद्दीत शिरली होती’ हा बचाव न्यायालयानं फेटाळला. हद्द ओलांडणारा माणूस म्हणून त्याला वाटेल तसं मारून टाकता येत नाही. शिक्षा ३०४-अ खाली कायम झाली. पण आरोपच त्या कलमाचा होता. त्यापेक्षा वरचं कलम लागतं का, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच, आणि जो प्रश्न विचारला गेला नाही त्याचं उत्तर त्या निकालातून काढता येत नाही.

आता पहिल्या तटाची बाजू. ती मी हलकी मानत नाही. मेला तो मेला, त्याच्या बायकोला आरोपीच्या मनाचा नकाशा घेऊन काय करायचं आहे? मन कुणाला दिसतं? ज्याच्याकडे चांगला वकील त्याचा हेतू कधीच सापडत नाही आणि ज्याच्याकडे वकील नाही त्याचा पहिल्याच दिवशी सापडतो, हा अनुभव खोटा म्हणता येणार नाही. शिवाय हेतूचा हिशेब कधी कधी चक्रावून टाकणाऱ्या जागी नेऊन सोडतो. १९१९ च्या पळनी गौंडनच्या खटल्यात नवऱ्यानं बायकोच्या डोक्यात नांगराचा फाळ घातला. ती बेशुद्ध पडली, मेली असं समजून त्यानं आत्महत्येचा देखावा करायला तिला तुळईला टांगलं, आणि ती मेली फासानं. मद्रास उच्च न्यायालयानं म्हटलं, फटका मारताना मारायचा हेतू सिद्ध नाही आणि टांगताना तर तो तिला प्रेतच समजत होता, म्हणून खून नाही, सदोष मनुष्यवधही नाही, फक्त गंभीर दुखापत. तर्क बिनचूक असेल, पण हे वाचून ज्याचं डोकं भणभणत नाही त्याच्याशी मला या विषयावर बोलायचं नाही.

तरीही परिणामावरून गुन्हा मोजायची वाट याहून वाईट आहे, आणि त्याचं कारण मेकॉलेच्याच टिपणांत आहे. त्या काळच्या इंग्लंडच्या कायद्यात दुसरा गंभीर गुन्हा करताना अपघातानं जरी कुणी मेला तरी तो खून धरला जाई. मेकॉलेनं ते नाकारलं. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा: मोठ्या शहरात शेकडो खिसेकापू आहेत. त्यांतल्या एकानं ज्याच्या खिशात हात घातला, त्याच्याकडे भरलेलं पिस्तूल होतं. चोराचं बोट चापावर पडलं, गोळी सुटली, माणूस मेला. बाकीच्या खिसेकापूंचा हेतू तोच, बेफिकिरी तेवढीच. मग त्यांना चोर म्हणून कोठडी आणि याला खुनी म्हणून फास, हे कोणत्या न्यायानं? आमच्याकडच्या भाषेत सांगायचं, तर शंभर जणांनी तार सोडली आणि एकाच्या तारेला माणूस चिकटला. त्या एकाला फाशी मागणारे उरलेल्या नव्व्याण्णवांना काय देतात? काहीच नाही. त्यांतले काही तर मागणी करणाऱ्यांतच बसलेले असतात.

मन दिसत नाही, हा आक्षेपही वाटतो तितका जड नाही. न्यायालय मनात डोकावत नाही, हाताकडे बघतं. सर्वोच्च न्यायालयातल्या १९५८ च्या विरसा सिंगच्या खटल्यात भाल्याचा एकच वार होता, पोटात, आतडी बाहेर काढणारा. बचाव होता की मारायचं नव्हतं. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले व्हिव्हियन बोस यांनी तो बचाव ज्या पद्धतीनं मोडला ती आजही रोज न्यायालयांत वापरली जाते: ही जखम करायचीच होती का, ते बघा. ती चुकून, निसटून झाली नसेल आणि जखम निसर्गक्रमानं जीव जायला पुरेशी असेल, तर ‘मरेल असं वाटलं नव्हतं’ म्हणून सुटका नाही. हत्यार घरून आणलं की जागेवर सापडलं, वार कुठे बसला, किती जोरानं, आधी वैर होतं का, पडल्यावरही मारत राहिला का, नंतर दवाखान्यात नेलं की पळाला, अशा गोष्टींतून मन वाचलं जातं. बांधावरच्या मारामारीत हातातल्या काठीचा एक फटका आणि घरात जाऊन आणलेला कोयता, यांतला फरक कळायला कायद्याची पदवी लागत नाही.

उलट बाजूचं उदाहरण १८७६ चं, मुंबई उच्च न्यायालयातलं. अठरा वर्षांच्या गोविंदानं पंधरा वर्षांच्या बायकोला लाथा मारल्या, खाली पाडून छातीवर गुडघा ठेवला आणि तोंडावर बुक्के मारले. मेंदूत रक्तस्राव होऊन ती गेली. सत्र न्यायालयानं खून ठरवला होता. न्यायमूर्ती मेलविल यांनी खून आणि सदोष मनुष्यवध यांच्या व्याख्या शेजारी शेजारी मांडून दाखवलं, की बुक्का हा निसर्गक्रमानं जीव घेणारा वार म्हणता येणार नाही, आणि शिक्षा सात वर्षं काळ्या पाण्यावर आणली. त्या काळी बेळगाव मुंबई इलाख्यात होतं, त्यामुळे हा निकाल आमच्या पणज्यांच्या खटल्यांनाही लागू होता. आज आमची अपिलं कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे जातात आणि तिथेही मेलविल वाचले जातात. पंधरा वर्षांच्या त्या पोरीचा विचार करून मला तो निकाल वाचवत नाही. पण मेलविलनी जी रेघ मारली ती काढून टाकली, तर रागात एक थप्पड मारणारा आणि रात्रभर दबा धरून बसणारा एकाच दोराला लटकतील.

आणि लोकक्षोभावर हे सोडायचं म्हटलं, तर लोकांचा कल दोन्हीकडे झुकतो हे विसरू नये. १९५९ साली बायकोच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकारी नानावटीला जूरीनं आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं. बायकोची कबुली ऐकल्यावर तो जहाजावर गेला होता, रिव्हॉल्व्हर घेऊन आला होता, मधे काही तास गेले होते, तरी रस्त्यावरची गर्दी त्याच्याच बाजूची होती. उच्च न्यायालयानं आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो खूनच ठरवला. आज ‘तीनशे दोन’ ओरडणारा जमाव उद्या आपल्या माणसासाठी ‘रागाच्या भरात झालं’ म्हणणार नाही, याची हमी कोण देणार?

मोठं कलम लावलं की जरब बसते, असं म्हणतात. खुनाच्या कलमात न्यायाधीशापुढे दोनच शिक्षा आहेत, फाशी किंवा जन्मठेप. मधलं काही नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये घरातून चाळीस शिलिंगांची चोरी केली तरी फाशी होती. तेव्हाचे जूरी डोळ्यांसमोर पडलेल्या मौल्यवान वस्तूंची किंमत खुशाल एकोणचाळीस शिलिंग लावत आणि आरोपीला वाचवत. शिक्षा गुन्ह्यापेक्षा अवजड झाली की माणसं तथ्यांनाच वाकवायला लागतात. आपल्याकडे ते वेगळ्या रूपात दिसतं. सुरुवातीला खुनाचं कलम, मग आरोपी दीर्घकाळ कच्च्या कैदेत, मग गावातच तडजोडीची कुजबुज, साक्षीदार फितूर, आणि शेवटी हेतू सिद्ध न झाल्यानं निकाल ढासळतो. मेलेल्याच्या घरचे म्हणतात ‘पैसे चारले’. कधी चारले असतीलही. पण जे सिद्ध होणारच नव्हतं ते मागितलं गेलं होतं, हे कुणी सांगत नाही.

हेतूच्या मागे लागून जाणिवेकडे दुर्लक्ष करायची सवय मराठी माणसाला जुनी आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांना गारद्यांनी मारलं. तेव्हापासून आपण एकच गोष्ट उगाळत आलो, की राघोबानं ‘धरावे’ लिहिलं होतं आणि आनंदीबाईनं ‘ध’ चा ‘मा’ केला. आख्यायिका खरी की खोटी हे इतिहासकारांवर सोडू. वादापुरतं धरून चालू, की पत्रात कुणीही काहीही बदललं नाही, ‘धरावे’ ते ‘धरावे’च राहिलं. पगार थकलेले, बिथरलेले, हत्यारबंद गारदी, आणि त्यांना सांगितलं जातंय की गादीवर बसलेल्या पेशव्याला त्याच्याच वाड्यात जाऊन पकडा. जवळची माणसं आडवी येणार, तलवारी उपसल्या जाणार. यात कुणी मरण्याचा संभव आहे, हे राघोबासारख्या मोहिमा लढलेल्या माणसाला कळत नव्हतं? आजच्या संहितेपुढे उभं केलं असतं, तर त्या पत्रातल्या अक्षरानं तो खुनाच्या कलमातून कदाचित निसटला असता, सदोष मनुष्यवधातून नव्हे. परंपरा सांगते की रामशास्त्र्यांनी त्याला देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. त्यांना ‘धरावे’ची सबब पटली नव्हती. आपल्याला मात्र अजून पटते, आणि कट्ट्यावरचं ‘डुकरासाठी लावली होती’ हे त्याच सबबीचं खेड्यातलं रूप आहे.

या दुसऱ्या तटाची एक बाजू मात्र मला सगळ्यात जड जाते. जांबोटी-कणकुंबीच्या जंगलाकडेला ज्याची अर्धा एकर भात आहे, त्याच्या शेतात गवे आणि डुकरं एका रात्रीत वर्षाचं पीक लोळवतात. जनावराला कायद्याचं संरक्षण आहे. भरपाईसाठी पंचनामा, फोटो, उतारा, हेलपाटे, आणि मग जे मिळतं त्यात बियाणंही निघत नाही. सौरकुंपणाला अनुदान असलं तरी आधी पदरचे पैसे घालायची ऐपत लागते. अशा माणसाला दहा वर्षांच्या कलमाखाली उभं करायचं, हे म्हणताना लेखणी अडखळते. पण त्याच्या तारेला मरतो कोण? गव्याचा पंचनामा करणारा अधिकारी नव्हे. मरतो शेजारचा तसाच अर्ध्या एकराचा धनी, त्याची बायको, गवताला गेलेली मजूर बाई, कधी त्याच घरचं पोर. गरिबीनं तार लावायला भाग पाडलं असेल, पण पाटी लिहायला, शेजाऱ्याला हाक मारायला गरिबी आड येत नाही. आणि कलम १०५ च्या ज्या भागात हेतू नाही, फक्त जाणीव आहे, तिथे कमाल दहा वर्षं आहे. किमान शिक्षा ठरवलेली नाही. म्हणजे न्यायाधीशाला त्या माणसाची परिस्थिती तोलायला जागा आहे. खुनाच्या कलमात ती जागा नाही, आणि निष्काळजीपणाच्या कलमात मेलेल्याच्या किमतीला जागा नाही.

जाणिवेची पायरी गाळली की काय होतं, याचा सगळ्यात कडू दाखला भोपाळ आहे. १९८४ च्या त्या वायूनं हजारो माणसं मेली. युनियन कार्बाइडच्या भारतीय अधिकाऱ्यांवर सदोष मनुष्यवधाचा आरोप होता. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निष्काळजीपणावर उतरवला. त्या रात्री कारखाना चालू ठेवल्यानं माणसं मरण्याचा संभव आहे हे आरोपींना ठाऊक होतं, असं दाखवणारा पुरावा पुढे नाही, असं त्याचं कारण दिलं. २०१० मध्ये निकाल लागला तेव्हा जास्तीत जास्त देता येणारी शिक्षा दोन वर्षं होती. एक मेला असता तरी तेवढीच. प्रेतांच्या संख्येवरून खून ठरत नाही, हे मला मान्यच आहे. पण तपासानं जाणिवेचा धागा नीट धरला नाही, की प्रेतांचा ढीगही कामाला येत नाही. तोच धागा धरला की काय साधतं, तेही पाहा. २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर दारू पिऊन भरधाव चालवलेली गाडी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गेली, सात मेले. खालच्या न्यायालयानं निष्काळजीपणा धरून सहा महिने दिले. उच्च न्यायालयानं जाणीव धरून सदोष मनुष्यवध ठरवला, तीन वर्षं दिली, आणि २०१२ मध्ये ॲलिस्टर परेराच्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. तीन वर्षं कमीच आहेत असं मला वाटतं. पण कायद्याची रेघ बरोबर जागी पडली.

आमच्या जिल्ह्यात गाळप हंगाम सुरू झाला, की हाच प्रश्न रस्त्यावर येतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, पंक्चर झाला की अंधारात रस्त्यातच उभा, आणि मागून दुचाकीवर येणारी पोरं थेट उसात. दरवेळी गुन्हा नोंदवला जातो तो ड्रायव्हरवर, निष्काळजीपणाचा. तो बिचारा मालकाच्या ट्रॅक्टरवर मजुरीनं बसलेला. दिवे नाहीत हे माहीत असून रात्रीच्या खेपा मारायला लावणारा मालक आणि तीच ट्रॉली वजनकाट्यावर रोज आत घेणारा कारखाना, यांना कुणी विचारतच नाही. इथे लगेच वरचं कलम लावा असं मी म्हणत नाही. एखादा दिवा रात्री अचानक गेला असेल, तर तो खालच्याच पायरीचा मामला. पण पोलिसांनी आधी समज दिली होती, तरी हंगामभर तशीच ट्रॉली पळवली, हे कागदावर असेल, तर ‘ठाऊक नव्हतं’ कुठल्या तोंडानं म्हणणार?

सीमाभागाची एक जादा अडचण आहे, ती घाईतच सांगतो. भांडताना माणूस मराठीत ओरडतो, फिर्याद कन्नडमध्ये लिहिली जाते, आणि ती लिहिणाऱ्याच्या हाताला ठरावीक वाक्यांची सवय असते. रागाची शिवी कागदावर जिवे मारण्याची धमकी होऊन बसते आणि खटल्यात तोच हेतूचा पुरावा ठरू पाहतो. साक्षीदाराच्या भाषेत जबाब घेण्याची किंवा त्याचं अचूक भाषांतर ठेवण्याची तरतूद न्यायालयातल्या साक्षीसाठी आहे. ठाण्यातल्या पहिल्या कागदावरही तेवढाच आग्रह धरायला हवा. नव्या संहितेत पाच किंवा अधिक जणांच्या गटानं जात, समाज, जन्मस्थान, भाषा अशा कारणावरून केलेल्या खुनाला वेगळं पोटकलम आलं आहे. भाषा हा शब्द तिथे वाचून आमच्याकडच्या माणसाचे कान टवकारले जाणारच. पण तिथेही आधी खून सिद्ध व्हावा लागतो. जमावानं केलं म्हणून हेतू आपोआप येत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी ठाण्यासमोर बसणाऱ्यांनी आकडा मागण्याऐवजी तपास मागावा. तारेला वीज कुठून घेतली होती आणि किती दिवसांपासून? तार पायवाटेपासून किती फुटांवर होती? त्या बांधावरून रात्री कोण कोण जातं, हे आरोपीला माहीत होतं का? आधी कुणाचं जनावर चिकटलं होतं का? शेजाऱ्यांनी तक्रार केली होती का, आणि कुणाकडे? पहिल्या दोन दिवसांत याची उत्तरं पंचनाम्यात आणि जबाबात आली, तर १०५ उभं राहतं. तोवर तार गुंडाळून घरात गेली, तर कोणतंच कलम उभं राहत नाही. सीपीआयना, म्हणजे सर्कल पोलीस इन्स्पेक्टरना, निवेदन द्यायचंच असेल, तर त्यात या प्रश्नांची यादी असावी.

आणि तार सोडणाऱ्या त्या उरलेल्या नव्व्याण्णव जणांचं काय? त्यांच्यासाठीही कायदा रिकामा नाही. इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्या बेदरकार कृत्याला, कुणी मेलं नाही आणि कुणी जखमीही झालं नाही तरी, कलम १२५ खाली तीन महिन्यांपर्यंतची कैद आहे. लाइनीवर टाकलेला आकडा ही विद्युत कायद्याखाली चोरी आहे, तिला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गावात कुणाकुणाच्या शेतात रात्री तार चालू असते हे वायरमनला माहीत असतं, पंचायतीच्या मेंबरला माहीत असतं, आणि ‘तीनशे दोन लावा’ म्हणून रस्त्यावर बसलेल्या निम्म्या लोकांनाही माहीत असतं. जाणीव हाच निकष मानायचा, तर माणूस मरायच्या आधी या सगळ्यांनी त्या माहितीचं काय केलं, हेही फौजदारानं जबाबात लिहून घ्यावं.